फळातली साखर आणि फळातून काढलेली साखर

वजन कमी करायचे ठरवलेला माणूस पहिल्या आठवड्यात चहातली साखर सोडतो, दुसऱ्या आठवड्यात भात निम्म्यावर आणतो आणि तिसऱ्या आठवड्यात त्याची वक्रदृष्टी फळांच्या टोपलीकडे वळते. केळे बंद, द्राक्षे बंद, चिकूचे तर नावच नको; कारण 'फळात तरी शेवटी साखरच असते ना'. पण हाच माणूस सकाळी फिरून परतताना ज्यूस सेंटरवर थांबतो, मोसंबीच्या रसात 'साखर घालू नका' असे बजावून मोठा ग्लास रिकामा करतो आणि आपण पथ्य पाळले या समाधानात घरी येतो. बंदी चुकीच्या गोष्टीवर घातली गेली आहे, हे त्याच्या लक्षात येत नाही.

या गोंधळाची सुरुवात नावापासूनच होते. फ्रुक्टोजला मराठीत फलशर्करा म्हणतात, आणि इंग्रजी नावही फळ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेले आहे; ते १८५७ साली विल्यम ॲलन मिलर या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने दिले. त्यामुळे फ्रुक्टोजविषयी काही वाईट वाचले की ते आपोआप फळाच्या माथी मारले जाते. वास्तविक डब्यातली दाणेदार साखर म्हणजे सुक्रोज, आणि सुक्रोजच्या प्रत्येक रेणूत एक भाग ग्लुकोज व एक भाग फ्रुक्टोज असतो. म्हणजे चहात ढवळलेल्या साखरेतही निम्मी फलशर्कराच असते. उलट पिकलेल्या आंब्याच्या गोडीत सर्वांत मोठा वाटा सुक्रोजचा असतो, म्हणजे डब्यातल्याच साखरेचा. संत्र्यातही साधारण निम्मी साखर तीच. सफरचंद आणि नासपती यांच्यात मात्र फ्रुक्टोज खरोखरच अधिक असते. फळातली सगळी साखर फ्रुक्टोज नसते आणि सगळे फ्रुक्टोज फळातून येत नाही, एवढे लक्षात ठेवले तरी निम्मा गुंता सुटतो.

फ्रुक्टोजची बदनामी अगदीच निराधार आहे असेही नाही. त्यावरची प्रक्रिया मुख्यतः यकृतात होते, आणि ते मोठ्या प्रमाणात, झपाट्याने येऊन पडले की यकृत त्यातल्या काही भागाची चरबी बनवते. परंतु हा आरोप ज्या प्रयोगांवर उभा आहे, त्यांत लोकांना बहुतेक वेळा फ्रुक्टोज घातलेली पेये पाजलेली असतात, सफरचंदे खायला दिलेली नसतात. सफरचंदातून ५० ग्रॅम फ्रुक्टोज मिळवायचे तर ८०० ग्रॅमांहून अधिक फळ चावून संपवावे लागेल, आणि ते रोज कोण करणार?

तेव्हा खरी तुलना एका रेणूची दुसऱ्या रेणूशी करण्यात अर्थ नाही. ती साखर ज्या अवस्थेत पोटात जाते, त्या दोन अवस्थांची करायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत हाच भेद केलेला आहे. तिथे मर्यादा घातली आहे ती 'मुक्त शर्करे'वर. दिवसभरातल्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांपेक्षा ती कमी असावी आणि जमल्यास ५ टक्क्यांच्याही खाली न्यावी, म्हणजे २००० कॅलरी खाणाऱ्याने ५० ग्रॅमांच्या आत राहावे आणि शक्य तर २५ ग्रॅमांच्या, सुमारे सहा चमच्यांच्या, आत यावे. या मुक्त शर्करेत वरून घातलेली साखर येते, मध येतो, पाक येतो, आणि फळांचा रसही येतो, मग त्यात साखरेचा एक कणही मिसळलेला नसला तरी. अख्ख्या फळातली साखर मात्र या हिशेबात धरलेलीच नाही.

एकाच मोसंबीतली साखर फोडीत असताना वगळायची आणि ग्लासात आली की मोजायची, हा प्रकार वरवर पाहता अजब वाटतो. पण ज्यूस सेंटरवाल्याच्या बादलीत डोकावले तर उत्तर तिथेच पडलेले दिसेल. तो चोथा म्हणजे फळातली साखर ज्या पेशींत कोंडलेली होती, त्यांच्या भिंती. एक मोसंबे सोलून खायचे म्हटले की साल काढा, पांढरा पापुद्रा ओढा, फोड सोडवा, बी बाजूला काढा, चावा. पाच-सात मिनिटे सहज जातात आणि दुसरे मोसंबे घ्यावेसे वाटेलच असे नाही. एका मोठ्या ग्लासासाठी मात्र अशी तीन-चार मोसंबी पिळली जातात आणि तो ग्लास उभ्या उभ्या दोन मिनिटांत संपतो. दातांचे काम यंत्राने केले, आणि 'आता पुरे' असे म्हणण्याची पोटाला मिळणारी सवड त्या बादलीत गेली.

हे नुसते तर्कट नाही. १९७७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दहा निरोगी माणसांना सफरचंद तीन रूपांत देण्यात आले: अख्खे, गर करून आणि रस काढून. तिन्हींत कर्बोदके सारखीच, ६० ग्रॅम. रस अख्ख्या फळाच्या अकरापट वेगाने संपला. पोट भरल्याची भावना अख्ख्या फळाने सर्वांत जास्त दिली, गराने त्याहून कमी आणि रसाने सर्वांत कमी. रस आणि गर घेतल्यानंतर इन्शुलिन अधिक वर गेले, आणि रसानंतर रक्तातली साखर पुढे घसरून मूळ पातळीच्याही खाली आली, जे अख्ख्या सफरचंदानंतर घडले नाही.

पुढे २००९ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात ५८ जणांना दुपारच्या जेवणाआधी अशीच वेगवेगळी रूपे दिली गेली. सफरचंद खाऊन जेवायला बसलेल्यांनी, त्या सफरचंदाच्या कॅलरी धरूनसुद्धा, आधी काहीच न खाता जेवलेल्या दिवसापेक्षा १५ टक्के कमी कॅलरी घेतल्या. या प्रयोगातली मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट वेगळीच आहे: रसात तंतू वेगळे मिसळून दिले तरी तृप्ती वाढली नाही. रसात चमचाभर इसबगोल ढवळून त्याचे पुन्हा फळ बनवू पाहणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

वजन घटवू पाहणाऱ्यांसाठी थेट उपयोगाचा प्रयोग मेक्सिकोतला आहे, २०११ सालचा. वजन जास्त असलेल्या १३१ जणांना सहा आठवडे कमी कॅलरींचा आहार दिला गेला. एका गटाचे फ्रुक्टोज दिवसाला २० ग्रॅमांच्या खाली आणले, म्हणजे फळेही जवळपास तोडली. दुसऱ्या गटाला ५० ते ७० ग्रॅम फ्रुक्टोज मुद्दाम, पण मुख्यतः फळांतून, दिले. दोन्ही गटांचे वजन उतरले. फळे तोडलेल्यांचे सरासरी २.८३ किलो आणि फळे खाणाऱ्यांचे ४.१९ किलो. सहा आठवडे हा काळ थोडा आहे आणि एका प्रयोगावर सारे आयुष्य बेतू नये, हे मान्य. पण फळातल्या साखरेमुळे वजन उतरत नाही, या समजुतीला त्यात कुठेही आधार सापडत नाही.

मधुमेहाच्या बाबतीतही हे दोन मार्ग वेगळे होताना दिसतात. अमेरिकेतल्या १,८७,३८२ परिचारिका आणि आरोग्य व्यावसायिकांच्या दीर्घकालीन माहितीवर आधारलेल्या २०१३ सालच्या विश्लेषणात अख्खी फळे, विशेषतः ब्लूबेरी, द्राक्षे आणि सफरचंदे, खाणाऱ्यांत टाइप २ मधुमेहाचा धोका कमी आढळला आणि फळांचा रस जास्त पिणाऱ्यांत अधिक. हा निरीक्षणावरचा निष्कर्ष आहे, त्यातून कार्यकारण सिद्ध होत नाही. ज्यांना मधुमेह आहे आणि औषध किंवा इन्शुलिन चालू आहे, त्यांनी फळ कोणते, किती आणि केव्हा खायचे हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे.

याचा अर्थ फळ कितीही खावे असा नाही, कारण फळातली कॅलरीही कॅलरीच असते. १०० ग्रॅम कलिंगडात सुमारे ३० कॅलरी, पपईत ४३, सफरचंदात ५२, पेरूत ६८, केळ्यात ८९. यांत पेरू मला फारच उपेक्षित वाटतो. १०० ग्रॅमांमागे ५ ग्रॅमांहून अधिक तंतू देणारे इतके स्वस्त फळ दुसरे क्वचितच मिळेल. केळ्यावर सगळ्यांचा राग असतो, पण मध्यम केळ्यात साधारण १०५ कॅलरी असतात आणि ते एक खाऊन माणूस थांबतो. त्याच केळ्याचे दूध-साखर घालून शिकरण केले की गोष्ट वेगळी होते. तेव्हा दोष केळ्याला देऊ नये. उपवासाचेही तसेच. 'फराळ' हा शब्द 'फलाहार' यावरून आला, आणि आज त्या ताटात साबुदाण्याची खिचडी व बटाट्याची भाजी असते, फळ औषधापुरतेही नसते.

रसापेक्षाही फसवी गोष्ट म्हणजे सुकवलेले फळ. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. ३० ग्रॅम बेदाणे, म्हणजे एक छोटी मूठ, खायला अर्धे मिनिट लागते आणि त्यात सुमारे ९० कॅलरी असतात. तेवढ्याच साखरेची द्राक्षे खायची तर १२० ग्रॅम लागतील आणि त्यांतले पाणी पोटात जागा अडवील. बेदाण्याचा चोथा गेलेला नसतो, म्हणून तो मुक्त शर्करेत मोजत नाहीत, पण पाणी गेलेले असते. खजुरात तर वजनाच्या सुमारे दोनतृतीयांश साखर असते, आणि त्याचे लाडू 'शुगर फ्री' म्हणून विकले जातात.

खोक्यातल्या रसाबद्दल फार लिहायला नको. सफरचंदाचा रस आणि काळे शीतपेय यांच्या प्रत्येक १०० मिलीत साखर सारखीच, १० ग्रॅमांच्या आसपास, असते. रसवंतीतला उसाचा रस त्याहून गोड. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये '१०० टक्के फळांचा रस' हा दावा वेष्टनांवरून काढून टाकायला उत्पादकांना सांगितले. 'नो ॲडेड शुगर' हे शब्द आता पुढच्या बाजूला दिसले, तर मागच्या तक्त्यातली एकूण साखरेची ओळ वाचावी. त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीयांसाठी जी आहारतत्त्वे काढली, त्यांत २००० कॅलरींच्या ताटात रोज १०० ग्रॅम फळ धरलेले आहे.

उरला आंबा, आणि मराठी घरात या विषयाचा खरा कस तिथेच लागतो. आमरस हा रसही नव्हे आणि अख्खे फळही नव्हे. १९७७च्या प्रयोगातल्या गराची जागा त्याची. मध्यम हापूस कापून खाल्ला तर सुमारे १५० ग्रॅम गर पोटात जातो: ९० कॅलरी आणि २१ ग्रॅम साखर. साखर न घातलेल्या वाटीभर आमरसाचा आकडाही जवळपास हाच येतो. पण कापलेल्या हापूसची कोय चोखून झाली की माणूस हात धुवायला उठतो, आणि आमरसाच्या पहिल्या वाटीनंतर आग्रह सुरू होतो. तिसऱ्या वाटीला ६० ग्रॅमांहून जास्त साखर झालेली असते, वाटीमागे दोन चमचे वरून घातले असतील तर ९०च्या जवळपास, आणि शेजारी तेलातून काढलेल्या पुऱ्या असतात, ज्यांच्या प्रत्येक ग्रॅम तेलाला ९ कॅलरी पडतात. मे महिन्यात वजन उतरवायचे असेल तर हापूस कापून खावा, आणि रस करायचाच असेल तर तो पोळीबरोबर घ्यावा, वाटी एकच घ्यावी आणि साखरेचा डबा फडताळातच राहू द्यावा.