नॉरफोक ते मायामी: आतल्या पाण्याचा रस्ता आणि मजेंटा रेषेचा वाद

दरवर्षी ऑक्टोबरच्या मध्यापासून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, व्हर्जिनियातल्या नॉरफोकला शिडाच्या बोटींची दाटी होते. थंडी हे त्याचं एक कारण, विमा हे दुसरं. चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम ३० नोव्हेंबरला संपतो, आणि बऱ्याच पॉलिसींमध्ये ठरावीक तारखेआधी, बहुधा १ नोव्हेंबरआधी, अमुक अक्षांशाच्या खाली बोट न्यायची नाही अशी अट असते. उत्तरेत गारठा, दक्षिणेत अट. म्हणून सगळे एकाच वेळी निघतात आणि खाड्या, नद्या आणि कालवे जोडून तयार झालेल्या, फ्लोरिडातल्या मायामीपर्यंतच्या सुमारे १,०९५ मैलांच्या ‘इंट्राकोस्टल वॉटरवे’ या मार्गाला लागतात. हे मैल जमिनीवरचे आहेत, त्यांहून थोडे मोठे सागरी मैल नव्हेत. समुद्रावरून आलेल्या नव्या माणसाचा हिशेब पहिले दोन दिवस तरी चुकतोच.

मार्गाचा जुना इतिहास थोडक्यात उरकता येतो. नॉरफोकच्या दक्षिणेकडच्या डिस्मल स्वॅम्प कालव्याची खोदाई १७९३ मध्ये सुरू झाली आणि १८०५ मध्ये तो खुला झाला. दलदलीत उभं राहून तो खणला गुलामांनी. १८५९ मध्ये शेजारीच अल्बेमार्ल-चेसापीक कालवा निघाला आणि जुन्याचा धंदा बसला. हा दुसरा कालवा केंद्र सरकारने १९१३ मध्ये विकत घेतला, पहिला १९२९ मध्ये. फ्लोरिडात एका खासगी कंपनीने राज्याकडून लाखो एकर जमीन पदरात पाडून घेतली, १९१२ पर्यंत उथळ कालवा खणला आणि वर टोलही लावला. तोही १९२९ मध्ये सरकारकडे आला. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्या केप हॅटरस भूशिरासमोर जर्मन पाणबुड्या मालवाहू जहाजं बुडवू लागल्या, तेव्हा किनाऱ्याआडच्या या वाटेचं मोल सगळ्यांनाच पटलं.

हौशी बोटींचा विचार यात कुठेच नव्हता, आणि पुढची बरीच भांडणं तिथूनच सुरू होतात. त्यातलं सगळ्यात बोलकं भांडण नकाशावरच्या एका रेषेचं.

सरकारी सागरी नकाशांवर हा आतला मार्ग मजेंटा (जांभळट गुलाबी) रंगाच्या रेषेने दाखवण्याची पद्धत १९१२ ची. १९३० च्या दशकात ती नव्याने आखली गेली आणि नंतर जवळपास तशीच राहिली. पाणी मात्र तसं राहिलं नाही. वादळांनी वाळू सरकली, प्रवाहांनी काठ बदलले, वाटेच्या कडा दाखवणारे लाल-हिरव्या खुणांचे खांब त्याप्रमाणे हलवले गेले, रेषा तिथेच. काही ठिकाणी ती खुणेच्या चुकीच्या बाजूने जायची, काही ठिकाणी थेट वाळूच्या दांड्यावरून. कागदी नकाशाच्या काळात हे खपून जायचं, कारण माणूस नकाशा बघून डोळे पाण्यावर ठेवायचा. स्क्रीनवर स्वतःची बोट त्या रेषेवर सरकताना दिसू लागली आणि सुकाणूवरचा माणूस रेषेलाच रस्ता समजू लागला. पुढे तळ चिखलात रुतणार हे ओघाने आलंच.

२०१३ मध्ये नकाशे काढणाऱ्या सरकारी खात्याने तोडगा काढला: नव्या आवृत्त्यांत रेषाच नको. चुकीची माहिती देण्यापेक्षा न दिलेली बरी, असा युक्तिवाद. नकाशेवाल्यांच्या जागी बसून पाहिलं तर तो पटतो. पण बोटवाल्यांची ओरड मला जास्त सयुक्तिक वाटते. जॉर्जियाच्या खाजणांत एका वळणावर चार मुखं दिसतात, चारही सारखीच रुंद, दोन्ही बाजूंना तेच उंच गवत. तिथे पुढचा खांब दिसेपर्यंत कुठल्या मुखात शिरायचं हे सांगायला त्या रेषेशिवाय दुसरं काही नसतं. खात्याने लोकांची मतं मागवली, बहुतेकांनी रेषा हवीच असं कळवलं, आणि २०१४ च्या सुरुवातीला ती दुरुस्त करून परत आणण्याची घोषणा झाली. आता तिचा दर्जा फक्त दिशादर्शक. तिच्यावरून नेम धरून जायचं नाही, खुणा आणि खोली बघायची.

खोलीचं दुखणं वेगळंच. कागदावर नॉरफोक ते फ्लोरिडातलं फोर्ट पिअर्स १२ फूट, पुढे मायामीपर्यंत १० फूट. गाळ उपसण्याचा पैसा वाटताना मुख्यतः वाहिलेल्या मालाचे टन मोजले जातात, आणि माल तर कधीच ट्रक-रेल्वेकडे गेला. शेकडो बोटी गेल्या तरी टनांत त्यांची नोंद शून्य. त्यामुळे जॉर्जियातल्या जेकिल क्रीकसारख्या जागा वर्षानुवर्षं गाळाने भरत राहिल्या. तिथे भरती-ओहोटीतला फरक सात-आठ फुटांचा असल्याने ओहोटीला पाण्याखाली पाच फूट जाणाऱ्या तळाची बोटही टेकायची. अनुभवी लोक भरती निम्मी झाल्यावर, पाणी चढत असतानाच तिथे शिरतात. टेकलीच बोट, तर तासाभरात भरतीच उचलते.

२०१६ च्या मॅथ्यू वादळानंतर डिस्मल स्वॅम्प कालवा वर्षभर बंद राहिला आणि त्या शरदात सगळी गर्दी अल्बेमार्ल-चेसापीककडे वळली. अलीकडे लष्करी अभियंत्यांची खोलीमापनं इंटरनेटवर मिळतात, आणि मुरलेले बोटवाले त्यांवरून स्वतःचे जीपीएस ट्रॅक बनवून हंगामाआधी फुकट वाटतात. बहुतेकांच्या स्क्रीनवर आता मजेंटा रेषेशेजारी हा दुसरा मार्गही असतो, आणि दोन्हींत फरक पडला की बोट सहसा दुसऱ्यावरूनच जाते.