तुरा दिसला म्हणजे नरच? नाही हो!

गुहागरपासून मालवणपर्यंत लावे पाळणाऱ्या पोरांत कधीपासून फिरतंय की कॅलिफोर्निया क्वेल या परदेशी लाव्याचा डोक्यावरचा तुरा म्हणजे एकच पीस, आणि तो फक्त नरालाच. दोन्ही चूक. जवळून बघा, सहा पिसं एकात एक बसलेली असतात म्हणून लांबून एकच वाटतं, कपाळावर लोंबणाऱ्या स्वल्पविरामासारखं. मादीलाही तुरा असतो, फक्त आखूड नि तपकिरी, त्यामुळे ‘दोन्ही नरच गळ्यात मारले’ म्हणून विकणाऱ्याशी भांडण्याआधी गळा बघा, काळा आणि भोवती पांढरी पट्टी असेल तर नर. आणि हो, अंड्यांसाठीच्या जपानी लाव्यासारखा हा जमिनीवर झोपत नाही, तिन्हीसांजेला झुडपात चढतो, म्हणजे पिंजऱ्यात उंच फांदी हवीच. धुळीत लोळायलाही लागतं, आता आपल्या पावसात कोरडी माती पडवीतच मिळणार म्हणा!