वर्गणी, परवाना आणि व्हेक्टर आरेखनाचे पर्याय : पार्श्वभूमी

अ‍ॅडोबी कंपनीचे इलस्ट्रेटर हे व्हेक्टर आरेखनाचे, म्हणजे रेषा आणि आकारांनी चित्र रचण्याचे, सॉफ्टवेअर सोडून दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे वळण्याचा विचार आज सर्वत्र होत असला, तरी त्याचे मूळ मे २०१३ मधील एका घोषणेत आहे. सीएस६ या आवृत्तीनंतरच्या आवृत्त्या विकत मिळणार नाहीत, त्या केवळ वर्गणीवर वापरता येतील, असे कंपनीने तेव्हा जाहीर केले. तोपर्यंत एकदा पैसे मोजून घेतलेली आवृत्ती संगणक चालेल तोवर चालत असे आणि नवी कधी घ्यायची हे चित्रकार किंवा छापखाना स्वतः ठरवत असे. या निर्णयात दरमहाच्या रकमेपेक्षा गंभीर गोष्ट ही होती, की वर्गणी थांबताच स्वतःच्याच जुन्या कामात फेरफार करण्याचे साधन हातून जाते.

त्यावेळी पर्यायही तोकडे झाले होते. अनेकांचा आवडता फ्रीहँड हा आरेखनाचा प्रोग्रॅम २००५ च्या कंपनी-खरेदीत अ‍ॅडोबीकडेच गेला आणि २००७ मध्ये त्याचा विकास थांबवण्यात आला. आपल्याकडच्या लग्नपत्रिका आणि फ्लेक्सच्या धंद्यात कोरलड्रॉच रुळलेला होता. २००३ मध्ये सोडीपोडी या प्रोग्रॅमपासून वेगळा निघालेला इंकस्केप मात्र एसव्हीजी या व्हेक्टर चित्रांच्या खुल्या मानकावर उभा होता, त्याची १.० आवृत्ती २०२० मध्ये आली.

येथे ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ या शब्दांची गल्लत सातत्याने होते. इंकस्केप मुक्त आहे: त्याचा स्रोत (प्रोग्रॅमची मूळ संहिता) कोणालाही पाहता, बदलता व पुन्हा वाटता येतो, म्हणून एखाद्या मालकाला तो उद्या बंद करता येणार नाही. २०१४ मध्ये आलेला अ‍ॅफिनिटी डिझायनर एकरकमी विकत मिळे. २०२४ मध्ये त्याची कंपनी दुसऱ्या कंपनीने घेतली आणि ऑक्टोबर २०२५ पासून अ‍ॅफिनिटी मोफत झाला. तो मुक्त झालेला नाही. त्याच्या अटी मालकाच्याच हाती आहेत आणि वापरासाठी त्या कंपनीचे खाते लागते. वर्गणीला कंटाळून निघालेल्यांनी हा फरक सर्वांत आधी तपासायला हवा, असे मला ठामपणे वाटते.

मराठी मजकुराचा प्रश्न याहून वेगळा आहे. इंकस्केपमध्ये युनिकोड देवनागरीची जोडाक्षरे नीट जुळतात. अ‍ॅफिनिटीच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत ती जुळत नसत. उलट छपाईच्या चार रंगांची हाताळणी इंकस्केपमध्ये दीर्घकाळ अपुरी राहिली. इलस्ट्रेटरच्या जुन्या ‘.ai’ फाइल जतन करताना पीडीएफ सुसंगतीचा पर्याय चालू ठेवला असेल, तर इंकस्केप त्यातील पीडीएफचा भाग वाचू शकतो. तो पर्याय बंद असेल, तर वर्गणी संपण्यापूर्वीच त्या फाइल इलस्ट्रेटरमध्ये उघडून, तो चालू करून पुन्हा जतन कराव्या लागतात.