बायबलच्या प्राचीन भाषांतरांची पाठचिकित्सा

नव्या कराराचा एकही ग्रंथ लेखकाच्या स्वतःच्या हस्ताक्षरात उरलेला नाही. आहेत त्या नकला, आणि त्याही एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत. अशा स्थितीत दुसऱ्या ते पाचव्या शतकांत ग्रीकवरून झालेली लॅटिन, सिरियाक, कॉप्टिक, गॉथिक व आर्मेनियन भाषांतरे साक्षीदार म्हणून उपयोगी पडतात. भाषांतरकारापुढे कोणता ग्रीक पाठ, म्हणजे कोणती शब्दरचना, होता हे भाषांतरावरून ओळखणे, हा पाठचिकित्सेच्या या शाखेचा विषय. महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीसाठी पुण्याच्या भांडारकर संस्थेने जुने जावानीज भारत आणि नन्नयाचे तेलुगू भारत तपासले, त्यामागचा तर्कही हाच होता.

भाषांतराचे मोल त्याच्या पोथीच्या वयावर ठरत नाही. तूरिन येथील बोबियेन्सिस ही लॅटिन पोथी इ.स. ४०० च्या सुमारास लिहिली गेली, पण तिचा पाठ कार्थेजचा बिशप सिप्रियन याने (मृत्यू इ.स. २५८) दिलेल्या उताऱ्यांशी जुळतो. म्हणजे हे भाषांतर तिसऱ्या शतकाच्या मध्याआधीचे, आणि त्यामागची ग्रीक पोथी त्याहून जुनी. ती ग्रीक पोथी नष्ट झाली. तिची साक्ष लॅटिनमध्ये राहिली.

काम दोन टप्प्यांत चालते आणि त्यांचा क्रम बदलून चालत नाही. आधी भाषांतराचा स्वतःचा पाठ शुद्ध करायचा, मगच ग्रीककडे वळायचे. कारण भाषांतराच्याही नकला झाल्या आणि त्यांतही चुका शिरल्या. बोबियेन्सिसमध्येच मत्तय ६:१० पाहावे. ‘तुझे राज्य येवो’ यासाठी लॅटिनमध्ये ‘वेनियात रेग्नुम तुउम’ हवे. लेखनिकाने लिहिले ‘वेनि आद रेग्नुम तुउम’, म्हणजे ‘तुझ्या राज्याकडे ये’. अक्षरे सलग, शब्दांत अंतर न सोडता लिहिण्याची पद्धत होती आणि शब्दाच्या शेवटी ‘त’ व ‘द’ यांची गल्लत नेहमीची. तेवढ्यात प्रार्थनेचा अर्थ फिरला. हा पाठभेद ग्रीकमध्ये कोणी शोधू नये. तो लॅटिनच्या पोटातच जन्मला आहे.

दुसरी अडचण मिसळीची. मध्ययुगीन लेखनिकाला जेरोमची व्हल्गेट (पुढे प्रमाण ठरलेले लॅटिन बायबल) तोंडपाठ असे. तिच्या आधीच्या भाषांतराची जुनी लॅटिन पोथी उतरवताना हात आपोआप तोंडपाठ ओळीकडे वळे. म्हणून मिश्र पोथीत व्हल्गेटशी जुळणारी जागा फारसे काही सांगत नाही. जिथे ती वेगळी पडते तिथेच जुना पाठ टिकलेला असण्याचा संभव जास्त. सिरियाकमध्ये हेच पेशित्ता या प्रमाण भाषांतराच्या बाबतीत घडते. द्विभाषिक पोथ्यांचा सापळा आणखी वेगळा. बेझा पोथीत डाव्या पानावर ग्रीक आणि समोर लॅटिन आहे, पण लॅटिन बाजू बऱ्याच ठिकाणी ग्रीक बाजूशी जुळवून घेतलेली दिसते. दोघींची साक्ष वेगवेगळी मोजली तर एकाच साक्षीदाराला दोनदा उभे केल्यासारखे होते.

प्राचीनांनाही या गोंधळाची जाणीव होती. ज्याच्या हाती ग्रीक पोथी लागली आणि ज्याला दोन्ही भाषा थोड्याफार येतात असे वाटले, त्याने भाषांतराला हात घातला, अशी ऑगस्टिनची तक्रार आहे. जवळजवळ जितक्या पोथ्या तितके पाठ, हे जेरोमचे म्हणणे; त्याची शुभवर्तमानांची सुधारित आवृत्ती इ.स. ३८४ च्या सुमाराची.

दुसऱ्या टप्प्यात प्रश्न एकच: हा फरक दाखवण्याची सोय त्या भाषेत होती का? लॅटिनला मराठीप्रमाणेच उपपद (इंग्रजी ‘द’सारखा शब्द) नाही. त्यामुळे ग्रीकमध्ये उपपद होते की नव्हते, यावर लॅटिन पोथीचा हवाला देणे व्यर्थ. ग्रीकची दोन भूतकाळी रूपे लॅटिनमध्ये एकाच रूपात मिसळतात. सहिदिक या कॉप्टिक बोलीला उपपदे आहेत, पण खास कर्मणी रूप नाही. ‘तो बोलावला गेला’ऐवजी तिथे ‘त्यांनी त्याला बोलावले’ असे येते, तेव्हा त्यावरून ग्रीकमध्ये बहुवचनी कर्ता होता असे धरता येत नाही. आर्मेनियनमध्ये व्याकरणिक लिंगच नाही. शब्दक्रम आणि ‘आणि’, ‘मग’ यांसारखी अव्यये याबाबत तर जवळजवळ सगळीच भाषांतरे कच्ची. शब्द वगळले की घातले, वाक्य आहे की नाही, अशा बाबतींत मात्र ती भक्कम असतात.

लूक २:१४ मध्ये बळ आणि मर्यादा शेजारी शेजारी दिसतात. देवदूतांच्या स्तवनात काही ग्रीक पोथ्यांत ‘एउदोकिया’ (प्रसाद) ही प्रथमा आहे, तर काहींत ‘एउदोकियास’ ही षष्ठी. फरक एका अक्षराचा, पण पहिल्यात ‘मनुष्यांत प्रसाद’ असा स्वतंत्र तिसरा घोष होतो आणि दुसऱ्यात ‘प्रसादातल्या मनुष्यांना शांती’. लॅटिन ‘होमिनिबुस बोने वोलुन्तातिस’ म्हणते. ही षष्ठी उघड आहे. गॉथिकही षष्ठीच देते. सिरियाक प्रथमेच्या बाजूने आहे. इथपर्यंत साक्ष स्पष्ट. पण त्याच लॅटिन ओळीत ‘मनुष्यांत’मधले ‘एन’ हे ग्रीक शब्दयोगी अव्यय दिसत नाही, म्हणून ते ग्रीक पोथीतही नव्हते असे म्हणणे घाईचे ठरेल. लॅटिनमध्ये नुसत्या चतुर्थीने भागते.

शैलीवरूनही विश्वासार्हता बदलते. हर्केलच्या थॉमसने इ.स. ६१६ मध्ये अलेक्झांड्रियाजवळच्या मठात केलेली सिरियाक आवृत्ती ग्रीकच्या मागे शब्दाला शब्द धावते. सिरियाक म्हणून ती अवघडलेली, साक्षीदार म्हणून उत्तम. पेशित्तापूर्वीच्या जुन्या सिरियाकचे उलट: भाषा ओघवती, म्हणून तिच्यातल्या प्रत्येक छोट्या फरकामागे वेगळी ग्रीक पोथी शोधणे धोक्याचे. तिची सिनाई पोथी खरवडून पुन्हा वापरलेल्या चर्मपत्रावर, खालच्या थरात आहे. वरच्या थरात संत स्त्रियांची चरित्रे लिहिलेली. ॲग्नेस स्मिथ लुईस यांना ती इ.स. १८९२ मध्ये सेंट कॅथरिन मठात सापडली. पुसट अक्षरे उठावीत म्हणून पुढे त्यांनी पानांना उग्र वासाचे रसायनही लावले.

याच पोथीत मार्कचे शुभवर्तमान १६:८ ला, स्त्रिया भ्याल्या होत्या या वाक्याशी संपते; इतर बहुतेक पोथ्यांत पुढे येणारी वचने इथे नाहीत. जॉर्जियनच्या दोन सर्वांत जुन्या पोथ्या (इ.स. ८९७ व ९१३) आणि सुमारे शंभर आर्मेनियन पोथ्या तिथेच थांबतात. सिनाई (ही वरच्या सिरियाक पोथीहून वेगळी) व व्हॅटिकन या ग्रीक पोथ्याही तशाच. जॉर्जियन आणि आर्मेनियन परंपरा आपापसांत गुंतलेल्या असल्याने त्यांना दोन पूर्ण स्वतंत्र मते मानू नये. तरीही इतक्या दूरच्या प्रदेशांत हा शेवट पसरला होता, हे त्यावरून कळते.

जुन्या करारात हीच पद्धत सेप्टुअजिंट या हिब्रूवरून झालेल्या ग्रीक भाषांतराच्या पाठासाठी वापरतात. त्यातल्या ईयोब या ग्रंथाचे जुने ग्रीक भाषांतर हिब्रूपेक्षा सुमारे एक षष्ठांश लहान होते. ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने तिसऱ्या शतकात ती उणीव थिओडोशनच्या दुसऱ्या एका ग्रीक भाषांतरातून भरली आणि भर घातलेल्या ओळींना तारांकन लावले. पुढच्या नकलांत तारे गळाले, ओळी राहिल्या. सहिदिक ईयोबात मात्र त्या ओळी नाहीत. ओरिजेनपूर्व आकार तिथे जपला गेला.

कधी भाषांतरांचे मौनच निर्णायक ठरते. १ योहान ५:७ मधील ‘स्वर्गात साक्ष देणारे तिघे: पिता, शब्द आणि पवित्र आत्मा’ ही ओळ चौथ्या शतकाच्या अखेरीपासून लॅटिन लेखनात दिसते. जुन्या सिरियाक, कॉप्टिक व आर्मेनियन पोथ्यांत ती नाही, व्हल्गेटच्या इ.स. ५४६ च्या फुल्डा पोथीतही नाही. नव्या कराराचा ग्रीक पाठ छापणाऱ्या इरॅस्मस या विद्वानाने १५१६ व १५१९ च्या आवृत्त्यांत ती घेतली नव्हती. ती असलेली एक ग्रीक पोथी पुढे आल्यावर १५२२ मध्ये त्याने ती छापली. ती पोथी सोळाव्या शतकातलीच होती.