साथीचा कायदा लागू झाला तरी औषधाचा अर्ज डीसीजीआयकडेच (केंद्राचे औषध महानियंत्रक) करावा लागतो

"साथरोग कायदा लागू झालाय, सरकारलाच घाई आहे, मग आम्हाला परवानगी कशाला?" हा प्रश्न छोट्या औषध कंपन्यांकडून सारखा येतो, आणि याच समजापायी अर्ज रखडतात.

१८९७ चा साथरोग कायदा मुंबईच्या प्लेगच्या वेळचा. तपासणी, विलगीकरण, गर्दीवर बंदी यासाठी तो आहे. महाराष्ट्राने तो कोविडसाठी मार्च २०२० मध्ये लागू केला, आणि देशभराचा लॉकडाऊन आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ खाली लागला. या दोन्हींत नवीन औषधाला मंजुरी द्यायची सोय कुठेच नाही, त्यामुळे कलेक्टर साहेबांचं पत्र फाइलला जोडून काही होत नाही, जोडू नका. औषधाचा कायदा १९४० चा. त्यातलं कलम २६बी साथीसाठीच आहे, पण ते केंद्राला औषधाच्या विक्री-वाटपावर नियंत्रण आणायला, हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन या मलेरियाच्या गोळीला कोविडमध्ये ते लावलं होतं. मंजुरीचा शॉर्टकट म्हणून ते दाखवू नका.

आता अर्ज. 'इमर्जन्सी यूज' नावाचा वेगळा फॉर्मच आपल्याकडे नाही! २०१९ च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियमांतले नेहमीचेच फॉर्म, देशात बनवणार असाल तर सीटी-२१, बाहेरून आणणार असाल तर सीटी-१८. डीसीजीआयला सल्ला देणाऱ्या तज्ज्ञ समितीला डेटा पटला तर 'आपत्कालीन परिस्थितीत मर्यादित वापर' अशी अट घालून परवानगी मिळते, कोविशील्डला ३ जानेवारी २०२१ ला तशीच मिळाली. परदेशी कंपनीने इथली उपकंपनी किंवा अधिकृत एजंट पुढे करायचा.

सगळ्यात जास्त अडतं ते भारतीय लोकांवरच्या डेटावर. फायझरने कोविड लसीसाठी इथे सगळ्यांच्या आधी अर्ज केला, समितीने स्थानिक अभ्यास मागितला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांनी अर्ज मागे घेतला. फायझरला सूट मिळाली नाही, तुम्हाला मिळेल असं धरून चालू नका. एप्रिल २०२१ मध्ये नियम सैल झाले, पण तेव्हा ते अमेरिका, युरोप, ब्रिटन, जपान किंवा डब्ल्यूएचओने आधीच मान्य केलेल्या लसींसाठी.

मुदतीचं तर विचारूच नका. या लसींसाठी तेव्हा तीन कामकाजी दिवसांत निर्णय असं जाहीर झालं होतं, ते *पूर्ण* अर्ज मिळाल्यापासून, एक कागद कमी असला तर घड्याळ सुरूच होत नाही. आणि '३० दिवसांत उत्तर नाही म्हणजे मंजूर' ही सवलत फक्त भारतात शोधलेल्या, इथेच बनवून विकायच्या औषधाच्या ट्रायलला आहे, ती पण सीटी-४ए फॉर्म भरून कळवल्यावरच. विक्रीच्या परवानगीला ती लागू नाही, लोक बिनधास्त लावतात.

परवानगी आली की उत्पादन परवाना वेगळा काढावा लागतो, तो राज्याच्या एफडीएमार्फत (अन्न व औषध प्रशासन), लसीसाठी फॉर्म २७-डी भरायचा, त्यावर केंद्राचीही मान्यता लागते. शिवाय लसीचा प्रत्येक बॅच कसौलीच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेतून पास व्हावा लागतो.

एक गोष्ट डीसीजीआयच्या हातातच नाही, ती म्हणजे नुकसानभरपाईपासून कायदेशीर संरक्षण. मॉडर्नाची लस आणायला मुंबईच्या सिप्लाला जून २०२१ मध्ये परवानगी मिळाली, पण संरक्षणाच्या मुद्द्यावर बोलणी अडली आणि लस आलीच नाही. तेव्हा वकिलाला याबद्दल अर्ज करायच्या आधी विचारा.