युद्ध, प्रलय आणि वाचकांचा दीडशे वर्षांचा वाद

युद्धप्रधान विज्ञानकादंबऱ्या आणि प्रलयकथा यांच्याविषयी वाचक जे अभिप्राय देतात, त्यांत इतर कथासाहित्याच्या बाबतीत सहसा न दिसणाऱ्या दोन गोष्टी हमखास आढळतात. एक तर वाचक तोफेचा पल्ला, दारूगोळ्याचा साठा, रसदीची वाट आणि हुकूम देणाऱ्याचा अधिकार यांची बारकाईने तपासणी करतो. आणि दुसरे म्हणजे, ती तपासणी संपताच लेखकाचे राजकारण कोणते, याचा तो निवाडा करू लागतो. कथानकाचा वेग, पात्रांची घडण, भाषेचा दर्जा हे मुद्दे येतात, पण त्यानंतर. हा वाचकांचा उथळपणा आहे, अशी टीका वारंवार होते आणि ती अन्यायाची आहे. हा साहित्यप्रकार जन्माला आला तोच एक युक्तिवाद म्हणून, आणि त्याच्या पहिल्या वाचकांनीही त्याला युक्तिवाद म्हणूनच उत्तर दिले.

मे १८७१ मध्ये ब्रिटनच्या ‘ब्लॅकवुड्स मॅगझिन’मध्ये ‘द बॅटल ऑफ डॉर्किंग’ नावाची एक दीर्घकथा लेखकाच्या नावाविना प्रसिद्ध झाली. लेखक होते लेफ्टनंट कर्नल जॉर्ज चेस्नी. बंगाल इंजिनिअर्समध्ये नोकरी केलेला आणि १८५७ च्या दिल्लीच्या वेढ्यात जखमी झालेला हा अधिकारी होता. प्रशियाने फ्रान्सचा पाडाव केल्याला फारसे दिवस झाले नव्हते, आणि इंग्लंडचे सैन्य अशा शत्रूपुढे टिकणार नाही, अशी चेस्नी यांची खात्री होती. अहवाल लिहून जे साधले नसते ते त्यांनी गोष्ट लिहून साधले. पराभवानंतर ५० वर्षांनी एक म्हातारा स्वयंसैनिक आपल्या नातवंडांना सांगतो की आरमार बुडाले, अर्धवट शिकलेल्या स्वयंसैनिकांना पोटाला अन्न आणि कोठे जायचे याचा स्पष्ट हुकूम यांपैकी काहीच मिळाले नाही, आणि डॉर्किंगच्या टेकड्यांवर देश हातचा गेला. या कथेत इंग्लंडच्या हातून हिंदुस्थानही जातो, आणि ती गोष्ट निवेदक एखाद्या अपघातासारखी दोन ओळींत सांगून मोकळा होतो. भारतीय वाचकाला ती जागा थबकवल्याशिवाय राहत नाही.

कथा स्वस्त पुस्तिकेच्या रूपाने हातोहात खपली, युरोपीय भाषांत तिची भाषांतरे झाली आणि तिला खोडून काढणाऱ्या प्रतिकथा निघाल्या. सप्टेंबरमध्ये व्हिटबी येथील भाषणात पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी अशा भयकथांमुळे जगात हसे होते आणि सरकारी खर्च वाढतो, अशी तक्रार केली. त्या वेळच्या अभिप्रायांचा सूर पाहिला तर लक्षात येते की मतभेद कथेच्या रंजकतेविषयी नव्हताच. शत्रू खरोखर किनाऱ्यावर उतरू शकेल का आणि सैन्यावर किती पैसा खर्च करावा, हे प्रश्न वाचक परस्परांना विचारत होते.

पुढील चाळीस वर्षांत आक्रमणकथांचे पीक आले. १९०६ मध्ये ‘डेली मेल’ने विल्यम ल क्यू यांची ‘द इन्व्हेजन ऑफ १९१०’ ही कादंबरी क्रमशः छापली. तिच्या लष्करी तपशिलासाठी फील्ड मार्शल लॉर्ड रॉबर्ट्स यांनी साहाय्य केले होते. पण त्यांच्या सल्ल्याने आखलेला जर्मन सैन्याचा मार्ग वृत्तपत्राच्या मालकांनी बदलायला लावला, कारण शत्रू आडगावांतून गेला तर अंक विकले जाणार नव्हते. आपल्या गावात शत्रू येतो आहे हे वाचण्याची ओढ किती जबर असते, हे त्या मालकांनी नेमके ओळखले होते. एच. जी. वेल्स यांनी १८९८ च्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’मध्ये तोच आराखडा घेऊन आक्रमकांच्या जागी मंगळवासी आणले, आणि जे साम्राज्याने इतरांचे केले ते साम्राज्याच्या राजधानीचे झाले तर कसे वाटेल, असा प्रश्न उभा केला. प्रलयकथा आणि युद्धकथा या दोन वाटा तेथे एकत्र आल्या आणि आजही त्या पुरत्या वेगळ्या झालेल्या नाहीत.

वाचकांची मते छापील स्वरूपात साठू लागली ती अमेरिकेत. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९२६ मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ सुरू केले आणि पत्रव्यवहाराच्या सदरात वाचकांची नावे पत्त्यांसह छापली. त्यामुळे वाचक संपादकाला लिहिता लिहिता परस्परांना लिहू लागले, त्यांची मंडळे झाली, हौशी नियतकालिके निघाली. ‘अस्टाउंडिंग’मध्ये जॉन कॅम्बेल यांनी वाचकांच्या मतांवरून प्रत्येक अंकातील कथांची क्रमवारी लावण्याची प्रथा पाडली. याच मासिकाच्या मार्च १९४४ च्या अंकात क्लीव्ह कार्टमिल यांची अणुबाँबविषयीची ‘डेडलाइन’ ही कथा आली आणि लष्करी गुप्तचर चौकशीला आले. माहिती उघड्या ग्रंथांतून घेतलेली होती, हे कॅम्बेल यांनी दाखवून दिले. पुढल्या वर्षी हिरोशिमा झाले. आपण वाचतो ते उद्या घडू शकते ही या वाचकांची समजूत तोवर हौस होती; त्यानंतर तिला वजन आले.

अणुयुद्धोत्तर कादंबऱ्यांविषयीची मते या पार्श्वभूमीवर वाचावी लागतात. नेव्हिल शूट यांच्या १९५७ च्या ‘ऑन द बीच’मध्ये उत्तर गोलार्ध नष्ट झालेला आहे, आणि मेलबर्नची माणसे किरणोत्सार आपल्यापर्यंत पोहोचण्याची वाट सभ्यपणे पाहत राहतात, वाचण्याचा मार्गच नाही. दोन वर्षांनी आलेल्या पॅट फ्रँक यांच्या ‘अलास, बॅबिलन’मध्ये फ्लोरिडातील एक छोटे गाव मीठ, पाणी आणि औषधे जमवत, लुटारूंशी लढत तग धरते. कोणती कादंबरी खरी, हा प्रश्न म्हणजे अणुयुद्ध झाल्यावर जगता येते की नाही हाच प्रश्न होता. एका बाजूला शूट यांच्यावर पराभूत वृत्तीचा आरोप झाला, तर दुसऱ्या बाजूला फ्रँक यांनी महाविनाश हाताळण्याजोगा करून दाखवला असे म्हटले गेले. आज जी वेगवान, बंदुकांनी भरलेली प्रलयमालिका विकली जाते तिचे मूळ फ्रँक यांच्या गावात आहे. शूट यांची वाट चालणे कठीण होते, आणि त्या वाटेने गेलेली पुस्तके थोडी आहेत.

या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त शाई ज्या एका पुस्तकावर खर्ची पडली ते मात्र १९५९ चे आहे. रॉबर्ट हाइनलाइन हे अ‍ॅनापोलिसच्या नौदल अकादमीचे पदवीधर. क्षयामुळे १९३४ मध्ये त्यांना नौदल सोडावे लागले. एप्रिल १९५८ मध्ये अणुचाचण्या थांबवण्याची मागणी करणारी जाहिरात पाहून ते संतापले, त्यांनी स्वतःच्या खर्चाने प्रतिजाहिरात दिली, आणि हातातले लेखन बाजूला ठेवून ‘स्टारशिप ट्रूपर्स’ लिहिली. त्यांच्या किशोरकादंबऱ्या वर्षानुवर्षे छापणाऱ्या स्क्रिब्नर्सने ती नाकारली. दुसऱ्या प्रकाशकाने छापली, आणि १९६० मध्ये तिला वाचकांच्या मतदानाने दिला जाणारा ह्यूगो पुरस्कार मिळाला. ज्याने संघराज्याची सेवा पूर्ण केली त्यालाच मताधिकार, अशी तिच्यातील समाजरचना आहे. लेखकांच्या आपसातील पत्रिकांत आणि हौशी नियतकालिकांत लगेच खडाजंगी सुरू झाली. कोणी तिला फॅसिस्ट म्हटले, तर शिपायाच्या मनाचे असे प्रामाणिक चित्र विज्ञानकथेत प्रथमच आले, असे दुसऱ्या पक्षाने सांगितले.

या वादातील एक प्रकरण वाचकांच्या चिकाटीचा उत्तम नमुना म्हणून नोंदवण्याजोगे आहे. मताधिकार मिळवणाऱ्या २० पैकी १९ जणांची सेवा लष्करी नसतेच आणि हे पुस्तकात स्पष्ट लिहिले आहे, असे हाइनलाइन यांनी १९८० मध्ये टीकाकारांना बजावले. तेव्हा अभ्यासू वाचकांनी कादंबरी वाक्यावाक्याने तपासली आणि असे विधान तिच्यात कोठेही नाही, उलट बहुतेक संदर्भ लष्करी सेवेकडेच बोट दाखवतात, असे दाखवून दिले. लेखकाच्या शब्दापेक्षा छापील मजकूर प्रमाण मानणारा हा वाचक आहे आणि तो मला आदरणीय वाटतो. याच पुस्तकाविषयी आजचे तरुण वाचक एक वेगळीच तक्रार करतात: लढाई फार थोडी आहे, आणि बहुतेक पाने प्रशिक्षण व वर्गातील व्याख्यानांत जातात. ही तक्रार वस्तुस्थितीला धरून आहे. यंत्रचलित चिलखत घालून लढणारा सैनिक या पुस्तकाने जगभरच्या चित्रकथांना आणि खेळांना दिला खरा, पण लेखकाला त्या चिलखतापेक्षा ती व्याख्याने अधिक महत्त्वाची होती.

व्हिएतनाम युद्धाने लेखकांत आणि वाचकांत उघड फूट पाडली. ‘गॅलक्सी’च्या जून १९६८ च्या अंकात दोन जाहिराती छापल्या गेल्या: एकीत अमेरिकेने व्हिएतनाममध्ये राहावे असे म्हणणाऱ्या विज्ञानकथाकारांची नावे, दुसरीत युद्धाला विरोध करणाऱ्यांची. हाइनलाइन पहिल्या यादीत होते. आयझॅक असिमॉव्ह, रे ब्रॅडबरी आणि अर्सुला ली ग्विन दुसऱ्या. आपल्या आवडत्या लेखकाचे राजकारण आता अंदाजाने ठरवण्याची गरज उरली नव्हती.

त्याच युद्धात जो हॉल्डमन जखमी झाले. भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्राची पदवी घेतलेल्या या तरुणाला सक्तीच्या भरतीने सैन्यात नेले होते. त्यांची ‘द फॉरेव्हर वॉर’ १८ प्रकाशकांनी नाकारली आणि १९७४ मध्ये ती अखेर प्रसिद्ध झाली. तिचा नायक प्रकाशाच्या वेगाजवळ प्रवास करून लढायला जातो. त्याच्यासाठी काही महिने उलटतात, पृथ्वीवर दशके आणि मग शतके. परत येतो तेव्हा घर ओळखू येत नाही. सापेक्षतेचा सिद्धांत आणि परतलेल्या सैनिकाचे एकाकीपण यांची इतकी नेमकी सांगड या प्रकारात पुन्हा क्वचितच जमली. नायकाच्या मधल्या पृथ्वीवारीचा भाग तिचे भाग आधी छापणाऱ्या मासिकाचे संपादक बेन बोव्हा यांना फार निराशाजनक वाटला आणि त्यांनी तो बदलायला लावला. मूळ मजकूर पुढच्या आवृत्त्यांत परत आला, म्हणून जुन्या अभिप्रायांत आणि नव्या अभिप्रायांत वाचक वेगवेगळ्या पुस्तकांविषयी बोलत आहेत की काय असे कधी कधी वाटते. ही कादंबरी हाइनलाइन यांना दिलेले उत्तर आहे, असे वाचकांनी ठरवून टाकले. प्रत्यक्षात हाइनलाइन यांनी तिचे मोकळेपणाने कौतुक केल्याचे हॉल्डमन यांनी सांगितले आहे. भविष्यातील समलिंगी समाजाचे तिच्यातील चित्रण आजच्या वाचकांना खटकते, आणि तो आक्षेप रास्त आहे.

हॉल्डमन यांच्यापासून एक नवा निकष रुळला: लेखकाने युद्ध पाहिले आहे का? डेव्हिड ड्रेक यांना कायद्याचे शिक्षण चालू असताना सैन्यात जावे लागले, आणि १९७० मध्ये ते रणगाड्यांच्या तुकडीबरोबर व्हिएतनाम व कंबोडियात होते. १९७९ च्या ‘हॅमर्स स्लॅमर्स’मधील त्यांचे भाडोत्री सैनिक भयंकर कृत्ये करतात आणि निवेदक त्यावर भाष्य करत नाही. काही समीक्षकांनी या मौनाला संमती मानले. सैन्यात राहून आलेल्या वाचकांनी तेच मौन खरे मानले. माझ्या मते दुसऱ्यांचे वाचन अधिक खोल होते. मात्र या निकषाची एक अडचणही आहे, कारण प्रत्यक्ष अनुभवाने ड्रेक आणि हॉल्डमन यांना दोन अगदी भिन्न पुस्तके दिली, आणि अनुभव हाच पुरावा धरला तर दोघांपैकी कोणाला मानायचे, हे त्यावरून ठरत नाही. १९८३ मध्ये जिम बेन यांनी स्वतःची प्रकाशनसंस्था काढल्यावर या प्रकारच्या पुस्तकांना हक्काचे घर मिळाले आणि त्यांचा वाचकवर्ग मुख्य प्रवाहापासून थोडा अलगही झाला.

प्रलयकथेकडे परतायचे तर लॅरी निव्हन आणि जेरी पूर्नेल यांच्या १९७७ च्या ‘लुसिफर्स हॅमर’चे नाव घ्यावे लागते. धूमकेतू आदळल्यानंतरचा विध्वंस आणि अणुवीज केंद्र वाचवण्यासाठीची लढाई तिच्यात इतकी तपशीलवार आहे की तिचे चाहते आजही तिला या प्रकाराचा मानदंड मानतात. त्याच वेळी तिच्यातील नरभक्षक फौजेत कृष्णवर्णीयांना दिलेले स्थान अनेक वाचकांना वर्णद्वेषी वाटते. प्रलयानंतर कोण जगावे आणि कोण शत्रू ठरावा हे लेखक निवडतो, आणि ती निवड वाचकाच्या नजरेतून सुटत नाही.

मॅक्स ब्रुक्स यांच्या २००६ च्या ‘वर्ल्ड वॉर झेड’मधील याँकर्सच्या लढाईवर झालेला वाद तर थेट चेस्नी यांच्या काळाची आठवण करून देतो. अमेरिकी सैन्य शीतयुद्धाच्या सवयीने, खंदक खणून आणि अपुरा दारूगोळा घेऊन पुन्हा उठून चालणाऱ्या प्रेतांच्या लाटेसमोर उभे राहते आणि मोडते. तोफखान्याच्या स्फोटात शरीरे टिकूच शकणार नाहीत, असे सैन्याची माहिती असलेले वाचक हिशेब मांडून सांगतात. लेखकाचा रोख सेनापतींच्या कालबाह्य विचारांवर आहे, असे दुसरे म्हणतात. मराठी वाचकाला ही भांडणाची रीत अनोळखी नाही. पानिपतावरील कादंबरी वाचून रसद, बाजारबुणगे, यात्रेकरूंचा लोंढा आणि गोलाची लढाई यांवर आपण तासन् तास वाद घालतो, आणि जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत विश्वासरावांना लागलेली गोळी चुकवून इतिहासच वळवला होता. तरीही भविष्यातील युद्ध हा विषय मराठी विज्ञानकथेने फारसा हाती घेतला नाही. विज्ञानप्रसाराच्या ओढीने ती वाढली आणि युद्धाची भूक ऐतिहासिक कादंबरीने भागवली.

अलीकडचा मोठा संघर्ष पुरस्कारांवरून झाला. वेगवान, लढाऊ कथानकांना ह्यूगोचे मतदार मुद्दाम डावलतात, अशी तक्रार करत २०१३ पासून काही लेखक व वाचकांनी नामांकनांची मोहीम चालवली. २०१५ मध्ये तिच्या आणि तिच्याहून कडव्या दुसऱ्या गटाच्या याद्यांनी नामांकने व्यापली, तेव्हा इतर मतदारांनी पाच विभागांत पुरस्कार कोणालाच न देण्याचा कौल दिला. पुढल्या वर्षी अटलांटातील ड्रॅगन कॉन या मेळाव्याने स्वतःचे पुरस्कार सुरू केले. त्यांच्या मतदानाला शुल्क नव्हते, युद्धप्रधान कादंबरीला स्वतंत्र विभाग होता, आणि पहिल्या वर्षी प्रलयकादंबरीलाही होता. दरम्यान २००७ नंतर इलेक्ट्रॉनिक प्रकाशनाने आजी-माजी सैनिकांना संपादकाच्या परवानगीविना थेट वाचकांपर्यंत पोहोचवले, आणि ज्या पुस्तकांना आज शेकडो अभिप्राय मिळतात त्यांपैकी अनेकांवर कोणत्याही वृत्तपत्रात एक ओळही छापून आलेली नसते. त्यांचे मूल्यमापन जे काही होते ते वाचकच करतात: पल्ला, रसद, हुकूम, आणि मग राजकारण.