बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलला मोठे मॅगझिन बसवण्यापूर्वी : खान्देशातील परवानाधारकांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि अर्जप्रक्रिया

सातपुड्याच्या पायथ्याशी, रावेर-यावलपासून शिरपूर-शहाद्यापर्यंतच्या पट्ट्यात काही शेतकरी कुटुंबांकडे वडिलांच्या वा आजोबांच्या नावावरची .३१५ बोअरची (बोअर म्हणजे नळीचे माप) बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर बोल्टचा दांडा हाताने मागे-पुढे करावी लागणारी रायफल, आजही परवान्यावर आहे. अशा रायफलीत मोजकीच काडतुसे बसतात, म्हणून तिला काढता-घालता येणारे, जास्त काडतुसांचे मॅगझिन (काडतुसे ठेवण्याची पेटी) बसवून घेता येईल का, असा प्रश्न विचारला जातो. वैयक्तिक परवान्याच्या बळावर असा बदल स्वतः करता येत नाही आणि ओळखीच्या मिस्त्रीकडूनही करून घेता येत नाही.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्राची निर्मिती, विक्री, रूपांतर, दुरुस्ती आणि चाचणी या प्रत्येक गोष्टीसाठी स्वतंत्र परवाना लागतो. शस्त्र बाळगण्याचा परवाना कलम ३ खालचा असतो आणि त्यात रूपांतराचा अधिकार येत नाही. कायद्याच्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही शस्त्रच मानले जातात, त्यामुळे मॅगझिन वेगळे विकत घेतले तर ती साधी लोखंडी डबी आहे, हा युक्तिवाद टिकणारा नाही. २०१९ च्या दुरुस्तीने कलम ६ अधिक कडक झाले असून नळी कापून आखूड करण्याबरोबरच शस्त्र नियम, २०१६ मधील एका वर्गाचे शस्त्र दुसऱ्या वर्गात नेणेही आता त्यात येते. कलम ५ किंवा ६ च्या उल्लंघनाला किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. औद्योगिक वसाहतीतल्या लेथवर दोन तासांत होणाऱ्या कामाची किंमत इतकी मोठी आहे, आणि ती काम करणाऱ्याबरोबर काम सांगणाऱ्यालाही मोजावी लागू शकते. मध्य प्रदेशच्या सीमेलगत गावठी कट्ट्यांवरच्या कारवाया सुरूच असतात. अशा भागात विनापरवाना फेरफार केलेली रायफल तपासणीत सापडली, तर मालकाचा हेतू चांगला होता हे पटवून देणे सोपे नाही. चाप दाबून धरला असताना मॅगझिन रिकामे होईपर्यंत गोळ्या सुटत राहतील असे शस्त्र तर निषिद्ध शस्त्र ठरते आणि त्याचा विषय जिल्ह्याच्या अखत्यारीतच राहत नाही.

रायफल नादुरुस्त असेल, तर ती दुरुस्तीचा परवाना असलेल्या शस्त्र विक्रेत्याकडेच द्यावी आणि परवाना दाखवून, शस्त्राचा क्रमांक लिहिलेली पावती घ्यावी. रायफल गरजेला पुरत नसेल, तर सरळ मार्ग म्हणजे परवाना प्राधिकाऱ्याच्या परवानगीने जुने शस्त्र परवानाधारक विक्रेत्याला किंवा पात्र व्यक्तीला हस्तांतरित करून, बिगर-निषिद्ध बोअरच्या (सामान्य नागरिकाला परवान्यावर मिळू शकणाऱ्या मापाच्या) दुसऱ्या शस्त्राची नोंद परवान्यावर करून घेणे. परवान्याच्या अटींत बदल हवा असल्यास कलम १७ खाली परवानाधारक स्वतः अर्ज करू शकतो. २०१९ पासून एका व्यक्तीला दोनच शस्त्रे बाळगता येतात आणि वारसाने आलेले शस्त्रही या दोनांतच धरले जाते.

नवा परवाना कोणाला व कसा

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत पोलीस आयुक्तालय नसल्याने बिगर-निषिद्ध बोअरच्या शस्त्राचा परवाना जिल्हाधिकारी हे जिल्हादंडाधिकारी या नात्याने देतात. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागते. हिंसाचाराच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांना आणि शांतता राखण्याचे बंधपत्र लिहून द्यावे लागलेल्यांना कायद्याने ठरवलेल्या काळापुरता मज्जाव असतो. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून मात्र अर्ज नाकारता येत नाही. हे कलम १४ मध्ये स्पष्ट लिहिलेले असूनही पुष्कळांना माहीत नसते, म्हणून कोणी मालमत्तेच्या अभावाचे कारण सांगून परत पाठवले तर ते लेखी मागावे.

नमुना ए-१ मधील अर्जासोबत छायाचित्रे, जन्मतारखेचा, ओळखीचा आणि रहिवासाचा पुरावा, शारीरिक व मानसिक आरोग्याचे तसेच व्यसनाधीन नसल्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षितपणे ठेवण्याचे हमीपत्र आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र जोडावे लागते. पीकसंरक्षणासाठी अर्ज असेल तर सातबारा आणि आठ-अ उतारा जोडावा. कारणाच्या रकान्यात नुसते ‘स्वसंरक्षण’ लिहिलेला अर्ज कमकुवत ठरतो. त्याऐवजी गट क्रमांक, गावापासून शेताचे अंतर, रात्रपाळीला कोण असते, आणि रानडुकरांनी किंवा रोह्यांनी (नीलगायींनी) केळीची वा मक्याची नासाडी केल्याचे वनविभागाचे पंचनामे असतील तर त्यांच्या तारखा लिहाव्यात. पीकसंरक्षणासाठी ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची) बंदूक आणि संरक्षण किंवा शिकारी खेळासाठी किमान २० इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक यांसाठी कायदा तुलनेने अनुकूल आहे. रायफलीसाठी मात्र ‘पुरेसे कारण’ आहे अशी प्राधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. रायफलचा आग्रह धरण्यापूर्वी हा फरक विचारात घ्यावा, असे माझे मत आहे.

अर्ज पोलीस ठाण्याकडे अहवालासाठी जातो. तेथे जबाब होतो, गुन्हे अभिलेख पाहिला जातो, शेजाऱ्यांकडे चौकशी होते आणि कागद उपविभागीय पोलीस अधिकारी व पोलीस अधीक्षक यांच्यामार्फत जिल्हाधिकारी कार्यालयात येतो. परवाना मंजूर झाल्यावर राष्ट्रीय शस्त्र परवाना माहितीकोशात नोंद होऊन धारकाला विशिष्ट ओळख क्रमांक मिळतो, आणि या क्रमांकाशिवाय परवाना वैध धरला जात नाही. परवान्याची मुदत पाच वर्षांची असते. नूतनीकरणाची तयारी मुदत संपण्याच्या दोन-तीन महिने आधीच सुरू करावी, कारण पोलीस अहवाल पुन्हा मागवला जातो.

अभयारण्यालगतच्या गावांसाठी

खान्देशात हा भाग विशेष महत्त्वाचा आहे आणि बहुतेक अर्ज येथेच अडतात, असे मला वाटते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३४ नुसार अभयारण्यात किंवा त्याच्या १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने आपल्या शस्त्राची नोंद मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकृत केलेल्या अधिकाऱ्याकडे करावी लागते, आणि या अंतरात नवा शस्त्र परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही. जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्य, धुळे जिल्ह्यातील अनेर धरण अभयारण्य आणि चाळीसगावकडील गौताळा-औट्रम घाट अभयारण्य यांच्या भोवतालची गावे यात येतात. अशा गावातील अर्जदाराने आपले घर अभयारण्याच्या हद्दीपासून किती अंतरावर आहे, हे वनपरिक्षेत्र कार्यालयातून आधीच लेखी घ्यावे, म्हणजे सहा महिन्यांनी पत्र फिरवण्याची वेळ येत नाही. परवाना हाती असला तरी रानडुकरावर किंवा रोह्यावर गोळी झाडण्याची परवानगी त्यातून मिळत नाही. ती वन्यजीव कायद्याखाली वेगळी घ्यावी लागते.

वारस, जमा करणे आणि अपील

परवानाधारक मरण पावल्यास शस्त्र घरात ठेवू नये. ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी आणि मृत्यू दाखला, वारसाचा पुरावा व इतर वारसांची संमती जोडून वारसाने स्वतःच्या नावाने अर्ज करावा. परवानाधारक ७० वर्षांचा झाला असेल किंवा त्याने शस्त्र २५ वर्षे बाळगले असेल, तर हयातीतच वारसाकडे हस्तांतर मागता येते. जुन्या रायफलीत आधीच कोणीतरी फेरफार केलेला आढळल्यास ती वापरू नये किंवा पूर्ववत करण्याच्या भानगडीतही पडू नये. वकिलाचा सल्ला घेऊन, आहे त्या स्थितीत, लेखी निवेदनासह ती जमा करणे श्रेयस्कर आहे.

अर्ज नाकारल्यास कारणांसह लेखी आदेश मागावा. सार्वजनिक हिताच्या दृष्टीने कारणे सांगणे योग्य नाही असे प्राधिकाऱ्याला वाटले, तर मात्र ती रोखता येतात. आदेश मिळाल्यावर कलम १८ खाली विहित मुदतीत नाशिक येथे विभागीय आयुक्तांकडे अपील करता येते. अपिलासोबत मूळ आदेशाची प्रत आणि अर्ज दाखल केल्याची पोच जोडावी.